कार्टूनपटातील काळा माणूस आणि रेषेची मालकी

अमेरिकन कार्टूनपटांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बहुतेक करून तंत्राचाच इतिहास लिहिला आहे. चित्र केव्हा हलू लागले, केव्हा बोलू लागले, त्यात रंग केव्हा भरले गेले, याचा तपशील त्यांनी हौसेने नोंदवला. त्या चित्रांत हसत कोण होते आणि हसले कोणाला जात होते, हा प्रश्न मात्र इतिहासकारांनी फार उशिरा हाती घेतला. ज्यांना हसले जात होते त्यांनी तो कितीतरी आधी विचारला होता. त्या प्रश्नाच्या अंगाने जुन्या काही लघुपटांकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्याला दूरचा वाटण्याची शक्यता आहे. उंदीर-मांजराच्या पळापळीत कसले आले समाजचिंतन, असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांच्या पुस्तकाने त्यांचे साहित्य आणि संस्कृती मराठीत आणली. काळा माणूस स्वतःविषयी काय लिहितो, हे आपण आस्थेने वाचले. पण गोरा समाज आपल्या लहान मुलांना काळ्या माणसाविषयी काय दाखवत होता, ही बाजू आपल्याकडे फारशी कोणी पाहिली नाही.

शब्दाविषयी एक खुलासा. ‘निग्रो’ हा शब्द त्या समाजाने स्वतःच टाकून दिला आहे, आपण ‘हरिजन’ टाकला तसा. म्हणून जुन्या कागदपत्रात तो शब्द आहे तेवढ्यापुरताच मी वापरणार आहे.

कार्टूनपटाचा एक गुणधर्म प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. साध्या चित्रपटात कॅमेऱ्यापुढे जिवंत माणूस उभा असतो. दिग्दर्शकाने त्याला कितीही लाचार दाखवायचे ठरवले, तरी त्या माणसाच्या डोळ्यांतले, चालण्यातले, आवाजातले काहीतरी त्याच्या हुकमाबाहेर जाऊन पडद्यावर उतरते. कार्टूनमध्ये ही सोय नाही. तिथे माणूस नसतोच. असते ती फक्त रेषा, आणि ती रेषा काढणाऱ्याला जेवढे ठाऊक आहे तेवढाच माणूस तीत मावतो. एका सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनला दहा हजारांवर चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना चालवले तरी पाच हजार चित्रे झाली. प्रत्येक चित्र कोणीतरी काढते, कोणीतरी तपासते, दुसरा कोणी त्यावर शाई फिरवतो, तिसरा रंग भरतो, मग त्याचा फोटो घेतला जातो. तेव्हा काळ्या माणसाचे ओठ पाच हजार वेळा थाळीएवढे काढले गेले असतील, तर ते अनवधानाने झाले असे म्हणण्याची सवलत कोणालाही देता येत नाही.

हे ओठ आले कोठून? ते कोणाच्या तोंडावरून घेतलेले नव्हतेच. १८३० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाचे सोंग नाचवू लागला. त्यातून मिन्स्ट्रेल शो हा करमणुकीचा प्रकार वाढला. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावत, ओठांभोवती जाड पांढरा किंवा लाल पट्टा सोडत, हातात पांढरे मोजे घालत आणि काळा माणूस किती आळशी, भित्रा, चोरटा आणि नाचरा असतो ते दाखवत. हे गुलामगिरीच्या भर मध्यान्ही चालले होते. पुढे गुलामगिरी कायद्याने गेली आणि दक्षिणेकडील राज्यांनी काळ्यांना वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ असे कायदे केले. त्या कायद्यांना लोक काय म्हणू लागले? जिम क्रो! सोंगाचे नाव कायद्याला मिळाले. ‘अहो, विनोद आहे, मनावर काय घेता’ असे ज्यांना ऐकावे लागते, त्यांनी हा एक तपशील कायम जवळ ठेवावा.

चित्रपटाच्या पडद्यावर रेषा हलू लागली तीच मुळी हे सोंग घेऊन. जे. स्टुअर्ट ब्लॅकटन हा अमेरिकन कार्टूनपटाच्या आद्य पुरुषांपैकी एक. १९०७ च्या आपल्या ‘लाइटनिंग स्केचेस’ या लघुपटात तो काळ्यांसाठी वापरली जाणारी ‘कून’ ही शिवी अक्षरांत लिहितो आणि त्याच अक्षरांचे काळ्या माणसाच्या तोंडात रूपांतर करून दाखवतो. लगोलग ज्यू आडनावाचेही तसेच करतो. आधी शिवी, मग तिच्यातून माणूस. एका कलाप्रकाराच्या बाल्यावस्थेतच त्याचे सूत्र इतक्या उघडपणे सांगितले गेल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. १९११ साली विन्सर मॅके या खरोखरच असामान्य चित्रकाराने ‘लिटल नेमो’ हलता केला, तेव्हा त्यातही गवताचा घागरा नेसलेला, जाड ओठांचा एक आफ्रिकी पोर होता. १९१६ मध्ये पॅट सुलिव्हनच्या स्टुडिओने सॅमी जॉन्सिन नावाच्या काळ्या मुलाची मालिकाच काढली. त्याच स्टुडिओतून १९१९ मध्ये फेलिक्स हे काळे मांजर बाहेर पडले आणि जगभर गाजले. शरीर काळे, तोंड पांढरे, डोळे टपोरे. मिकी माऊसच्या हातात १९२९ मध्ये पांढरे मोजे आले, आणि आज कित्येक अभ्यासक ते मिन्स्ट्रेलच्या मंचावरून आले असे मानतात. काळ्या हाताची बोटे काळ्या अंगावर दिसावीत म्हणून मोजे घातले, हे कारणही दिले जाते आणि ते खोटे नसेल. पण १९३३ च्या ‘मिकीज मेलरड्रामर’ मध्ये मिकी ‘अंकल टॉम्स केबिन’चे नाटक बसवतो आणि काळे होण्यासाठी तोंडात फटाका फोडून घेतो, तिथे शंकेला जागा उरत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण बॉस्कोचे. ह्यू हारमन आणि रुडॉल्फ आयसिंग यांनी निर्माण केलेला हा वॉर्नर ब्रदर्सच्या ‘लूनी ट्यून्स’चा पहिला नायक. त्याचा पहिला लघुपट १९३० मध्ये पडद्यावर आला. पडद्यावर तो माकड आहे की माणूस हे कळत नसे. पण १९२८ मध्ये स्वामित्वहक्काच्या नोंदणीत त्याचे वर्णन सरळ ‘निग्रो मुलगा’ असे केलेले आहे. म्हणजे निर्मात्यांना तो कोण हे ठाऊक होते. तो माणूस की जनावर हे संदिग्ध राहिले तरी चालेल, एवढेच त्यांचे म्हणणे.

सिनेमाला आवाज आला आणि नवीच गोष्ट घडली. गोऱ्या स्टुडिओंना काळ्यांचे संगीत हवेसे झाले. १९३२ मध्ये फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने एका बेटी बूप लघुपटात लुई आर्मस्ट्राँगला घेतले. प्रारंभी तो आणि त्याचे वादक प्रत्यक्ष वाजवताना दिसतात, नीटनेटक्या कपड्यांत, आपल्या कलेचे मालक म्हणून. मग गोष्ट सुरू होते. नरभक्षक जंगली लोक बेटीला पकडतात आणि एक नरभक्षक बिंबो-कोकोचा पाठलाग करतो. पळता पळता त्याचे धड गळून पडते, आकाशात नुसते मुंडके उरते आणि त्या मुंडक्याचे होते आर्मस्ट्राँगचे खरेखुरे गाणारे तोंड. जगाने ज्याच्यापुढे मान तुकवली असा वादक आणि माणसे शिजवून खाणारा रानटी यांच्यामध्ये चित्रकाराला फक्त एक सांधा लागला.

त्याच वर्षी त्याच स्टुडिओने कॅब कॅलोवेला घेतले. मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोप नावाचे यंत्र काढले होते. माणसाच्या हालचाली आधी चित्रित करायच्या आणि मग एकेका चौकटीवरून रेषा गिरवायच्या, अशी ती युक्ती. कॅलोवेचे ते प्रसिद्ध तरंगत सरकणारे नृत्य या यंत्राने टिपले गेले आणि एका भुताटकी वॉलरसला चढवले गेले. लघुपट देखणा आहे, आजही पाहताना मान डोलते. पण झाले काय ते पाहा. आवाज काळ्याचा, ताल काळ्याचा, पाऊल काळ्याचे. रेषा मात्र त्याची नाही, आणि जो आकार त्या पावलांवर बसवला त्यावरही त्याचा हक्क नाही. वाजवणारा आम्ही आणि वाजतगाजत मिरवणारा दुसरा, हे ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचे आहे त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

१९३७ चा ‘क्लीन पाश्चर्स’ हा लघुपट स्वर्गातले काळे देवदूत आणि हार्लेमचे नाचगाणे यांवर बेतलेला होता. हॉलिवूडच्या नियमन कचेरीने त्याला अडवले. कारण कोणते? धर्माची टवाळी होते. काळ्यांची होते याला त्या नियमावलीत हरकत नव्हती.

१९४१ मध्ये वॉल्टर लँट्झच्या स्टुडिओने ‘स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट’ हा लघुपट काढला. गावाचे नाव लेझी टाऊन, आळशांचे गाव. माणसे पेंगताहेत, कुत्रीसुद्धा पेंगताहेत. एक धुणेवाली बाई मरगळून कपडे घासते आहे. मग हार्लेमहून बोटीने एक सडपातळ तरुणी येते, धुणे कसे तालात धुवावे ते शिकवते आणि सगळे गाव जागे होते. ही तरुणी उजळ रंगाची आहे. तिचे ओठ माणसासारखे आहेत, नाक माणसासारखे आहे. बाकी सर्व गाव शाईच्या डागासारखे. गोरेपणाच्या जितके जवळ तितके माणूसपण अधिक, ही वर्णाची उतरंड चित्रकाराने एका शब्दाशिवाय मांडली.

आणि मग १९४३ च्या जानेवारीतला बॉब क्लॅम्पेटचा ‘कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स’. हिमगौरी आणि सात बुटक्यांची कथा काळ्या पात्रांवर रचलेली. याच्याविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर तो अत्यंत कुशल लघुपट आहे हे मान्य केले पाहिजे. १९९४ मध्ये कार्टून-क्षेत्रातील जाणकारांच्या मतांवरून पन्नास सर्वोत्तम कार्टूनांची निवड झाली, तीत तो आहे. वेग, ताल, रंग, कल्पकता, सगळे आहे. नायिकेला आवाज व्हिव्हियन डँड्रिज या काळ्या गायिकेचा. ड्यूक एलिंग्टनच्या ‘जंप फॉर जॉय’ या १९४१ च्या संगीतनाट्यातील काळ्या कलावंतांच्या सूचनेवरून आपण हा घाट घातला, असे क्लॅम्पेट नंतर सांगत असे. असेल. पण पडद्यावरच्या राजपुत्राच्या पुढच्या दातांच्या जागी जुगाराचे फासे आहेत. आणि सात बुटके लष्करी गणवेशात आहेत. १९४३ मध्ये काळे सैनिक लोकशाहीसाठी लढायला समुद्रापार जात होते, तेही वेगळ्या पलटणीत, कारण अमेरिकेच्या सैन्यातली वर्णविभागणी मोडण्याचा हुकूमच १९४८ मध्ये निघाला. अशा वेळी त्यांच्या गणवेशाची ही संभावना. कौशल्य आणि अपमान एकाच हातून, एकाच रेषेत उतरू शकतात हे या लघुपटाने दाखवले. ज्याला कलेची जाण आहे तो माणसाची जाण ठेवेलच, या समजुतीवर विसंबून राहता येत नाही.

एन.ए.ए.सी.पी. या संघटनेने १९४३ मध्येच या लघुपटाला विरोध केला. १९०९ मध्ये स्थापन झालेली ही काळ्यांच्या हक्कांची संघटना. ड्यू बॉइस तिच्या संस्थापकांपैकी एक. १९१५ मध्ये ‘बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाविरुद्ध तिने शहरोशहरी निदर्शने केली होती, तेव्हा पडद्याचे सामर्थ्य तिला माहीत होते. लँट्झचा ‘स्क्रब मी मामा’ १९४८ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा तिने युनिव्हर्सल कंपनीकडे लेखी निषेध नोंदवला आणि १९४९ मध्ये कंपनीने तो मागे घेतला.

‘त्या काळी असेच चालायचे, आजच्या मापाने कालचे मोजू नये’ हा युक्तिवाद नेहमी केला जातो. माझे विद्यार्थीही करतात, आणि प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर त्या काळातच आहे. त्या काळी हे चालत होते आणि त्या काळीच ते चालू नये म्हणणारेही होते. त्यांचे म्हणणे पत्रांतून, वर्तमानपत्रांतून, थिएटरांच्या दारांत मांडले जात होते. ‘त्या काळी’ म्हणताना आपण कोणाचा काळ मोजतो, एवढाच काय तो प्रश्न.

त्याच काळात दुसरी रेषाही काढता येत होती याचे दोन पुरावे देतो.

पहिला जॉर्ज पाल. हंगेरीहून आलेला हा निर्माता लाकडी बाहुल्या चौकटी-चौकटीने हलवून लघुपट करी. १९४२ पासून त्याची जॅस्पर ही मालिका चालली होती. काळा मुलगा, कलिंगडाचा मोह, त्याला फसवणारा लबाड बुजगावणा, सगळा ठरीव साचा. काळ्यांकडून टीका होऊ लागली. मी युरोपात वाढलो, माझ्या मनात वर्णद्वेष नाही, असे त्याचे म्हणणे होते. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. १९४६ मध्ये त्याने ‘जॉन हेन्री अँड द इंकी-पू’ केला. वाफेच्या यंत्राशी पैज लावून हातोड्याने रूळ ठोकणारा आणि पैज जिंकून प्राण सोडणारा जॉन हेन्री हा काळ्या श्रमिकांच्या लोकगीतांचा नायक. पालच्या लघुपटात तो उंच आहे, रेखीव आहे, त्याच्या चेहऱ्यावर श्रम करणाऱ्याचा अभिमान आहे. रेक्स इन्ग्राम या काळ्या नटाचा भारदस्त आवाज त्याला आहे. ‘एबनी’ या काळ्यांच्या मासिकाने त्याचे स्वागत केले आणि ऑस्करसाठी त्याचे नामांकनही झाले. तोच माणूस, तेच लाकूड, तेच तंत्र. बदलले ते एवढेच की त्याने ज्यांचे चित्र काढायचे त्यांचे ऐकले.

दुसरा पुरावा ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’. हा १९४६ च्या सुमारास युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या संघटनेसाठी काढला गेला. दक्षिणेकडे कारखान्यांत संघटना बांधायची तर गोरा आणि काळा कामगार एकत्र बसला पाहिजे, ही त्यामागची रोकडी गरज होती. दिग्दर्शन रॉबर्ट कॅनन यांचे आणि स्टुडिओ यू.पी.ए. हेन्री नावाचा गोरा माणूस सकाळी उठून पाहतो तो जग आकसून लहान झाले आहे आणि त्याच्या परसात एस्किमो, आफ्रिकी, चिनी, सगळे शेजारी येऊन बसले आहेत. हेन्रीच्या आत एक हिरवा मनुष्य आहे. तो त्याला भीती शिकवतो, संशय शिकवतो. मग निवेदक शांतपणे सांगतो की रक्त सर्वांचे त्याच गटांचे, मेंदूचा आकार वर्णावर ठरत नाही, आणि फरक पडतो तो संधीने. साधी सपाट चित्रे आहेत. पण कोणाच्याही नाका-ओठांवर हसणे नाही.

या लघुपटाला आधार होता ‘द रेसेस ऑफ मॅनकाइंड’ या १९४३ च्या पुस्तिकेचा. लेखिका रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश, दोघीही कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापनात उत्तरेकडील काही राज्यांतील काळ्यांचे गुण दक्षिणेकडील काही राज्यांतील गोऱ्यांपेक्षा अधिक भरले, हे तीत आकड्यांनिशी दिले होते. दक्षिणेतील लोकप्रतिनिधी खवळले आणि १९४४ मध्ये सैन्यात तिचे वाटप बंद करण्यात आले. येथे आपल्या वाचकांसाठी एक नोंद करून ठेवतो. मानववंशशास्त्राकडे वळताना बेनेडिक्टबाई न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्या वर्गात बसल्या त्यांत अलेक्झांडर गोल्डनवायझर हे एक होते. त्यांच्याच कोलंबियातील चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा आपला पहिला निबंध वाचला होता. माणसामाणसांतील उच्चनीचता रक्तात नसते, ती माणसांनीच रचलेली असते, हा विचार एका बाजूने महाडच्या तळ्यापर्यंत आला आणि दुसऱ्या बाजूने मोटार कामगारांच्या सभेतील दहा मिनिटांच्या कार्टूनपर्यंत.

या लघुपटाच्या कर्त्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पटकथालेखकांपैकी रिंग लार्डनर ज्युनियर यांना काँग्रेसच्या समितीपुढे उत्तर नाकारल्याबद्दल १९५० मध्ये तुरुंगात जावे लागले. मॉरिस रॅफ यांचे नाव काळ्या यादीत गेले. जॉन हबली यांना १९५२ मध्ये स्टुडिओ सोडावा लागला. वेल्टफिशबाईंची कोलंबियातील नोकरी १९५३ मध्ये गेली. ‘कोल ब्लॅक’च्या कोणाचीही नोकरी गेली नाही.

आता टॉम आणि जेरी. या मालिकेतील मॅमी नावाची काळी मोलकरीण १९४० च्या पहिल्याच लघुपटात आहे. तिला आवाज लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीचा. बारा वर्षांत तिचे तोंड जवळजवळ कधीच दाखवले गेले नाही. जाड पाय, सुरकुतलेले मोजे, सपाता, हातात झाडू, बस्स. नव्वदीच्या दशकात शेजाऱ्यांच्या घरी दाराशी बसून आम्ही पोरे हे कार्टून पाहत असू. एकदा माझी आई मला बोलवायला आली आणि क्षणभर उभी राहिली. ती तेव्हा चार घरची धुणीभांडी करत असे. तिने एवढेच विचारले, “हिचं तोंड का रं दावत न्हाईत?” त्यानंतर मी या विषयावरची पुस्तके वाचली. या प्रश्नापेक्षा फार पुढे ती गेलेली नाहीत.

पन्नाशीच्या दशकात निषेध वाढला, नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, आणि स्टुडिओंनी काळी पात्रे काढणे बंद केले. अपमान थांबला. पण त्या जागी आले काय? काहीच आले नाही. काळा माणूस नीट काढण्याऐवजी त्यांनी तो काढायचाच सोडला. १९५२ नंतर मॅमी गेली आणि तिच्याबरोबर रँडॉल्फबाईंचे त्या मालिकेतले काम गेले. साठीच्या दशकात हे लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवायची वेळ आली, तेव्हा चक जोन्सच्या स्टुडिओत मॅमीच्या हालचालींवरून रेषा गिरवून तिच्या जागी एक गोरी बाई बसवण्यात आली आणि तिला जून फोरे यांच्या तोंडून आयरिश वळणाचे इंग्रजी देण्यात आले. तीच पावले, तोच झाडू, वर कातडी दुसरी.

असे आधीही झाले होते. १९४१ च्या ‘ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू’ मध्ये बग्ज बनीच्या मागे लागलेला शिकारी एक मठ्ठ काळा मुलगा आहे. १९४६ च्या ‘द बिग स्नूझ’ मध्ये त्यातली ओंडक्याची गंमत जशीच्या तशी उचलली आणि शिकाऱ्याच्या जागी गोरा एल्मर फड घातला. डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेसिया’तील एका भागात गोऱ्या अश्वमानवीचे खूर पुसणारी एक काळी पोर होती. १९६९ च्या पुनःप्रदर्शनात तिची दृश्ये कापली. खूर पुसवून घेणारी तशीच राहिली.

१९६८ मध्ये वॉर्नरच्या जुन्या लघुपटांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या युनायटेड आर्टिस्ट्सने अकरा लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवायचे नाहीत असे ठरवले. ‘कोल ब्लॅक’, ‘क्लीन पाश्चर्स’, ‘रॅबिट स्ट्यू’ हे त्यांतलेच. निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. ज्या घरात काळी मुले बसली आहेत त्या घरात ते सोडणे हा छळच होता. पण लपवणे हा मालकाच्या सोयीचा न्याय असतो. त्यात कबुली द्यावी लागत नाही.

इतरांच्या वाट्यालाही हे आले. १९३३ च्या ‘थ्री लिटल पिग्ज’ मधला लांडगा ज्यू फेरीवाल्याचे सोंग घेऊन येतो. हिटलरच्या छळछावण्या जगाने पाहिल्यानंतर, १९४८ मध्ये ते दृश्य पुन्हा काढण्यात आले. युद्धकाळात जपान्यांचे जे दात आणि चष्मे काढले गेले ते सांगायलाच नकोत. त्याच सुमारास सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले होते. त्यांपैकी मँझनार छावणीत चित्रकलेचे धडे घेतलेला इवाओ ताकामोटो हा तरुण १९४५ मध्ये डिस्नेत लागला आणि पुढे स्कूबी-डूचे रूप रेखाटणारा चित्रकार झाला. मेक्सिकन उंदीर स्पीडी गोन्झालेझ १९९९ मध्ये कार्टून नेटवर्कने बाजूला ठेवला, तेव्हा तो परत आणा म्हणून लॅटिन अमेरिकन वंशाच्याच संघटनेने आग्रह धरला. तो चपळ होता, मांजराला हरवत होता, आणि आपला म्हणावा असा दुसरा कोणी पडद्यावर नव्हता.

मूळ मुद्दा हाताचा आहे. ही पाच-पाच हजार चित्रे काढणाऱ्या दालनांत बसत कोण होते? गोरे पुरुष. बायकांना शाई फिरवण्याच्या आणि रंग भरण्याच्या विभागात जागा होती. डिस्नेने १९३८ मध्ये एका अर्जदार तरुणीला तसे लेखी कळवले होते. काळ्यांना बहुतेक स्टुडिओंत तीही नव्हती. गाण्यासाठी, आवाजासाठी ते दिवसभर येत आणि जात. फ्लॉइड नॉर्मन हा काळा तरुण डिस्नेत चित्रकार म्हणून लागला तो १९५६ मध्ये. फ्रँक ब्रॅक्स्टन त्याच दशकात वॉर्नरमध्ये शिरला. साठीच्या दशकात नॉर्मन आणि लिओ सुलिव्हन यांनी व्हिनेट फिल्म्स ही आपली संस्था काढली आणि शाळांसाठी काळ्यांच्या इतिहासावर चित्रफिती केल्या. मोठे यश मिळाले असे नाही. पण बॉस्कोच्या नोंदणीनंतर चाळीसएक वर्षांनी काळ्या मुलाचे चित्र काळ्या माणसाच्या पेन्सिलीने काढले जाऊन वर्गात दाखवले गेले.

२००५ मध्ये वॉर्नरने जुनी कार्टूने विक्रीला काढली, तेव्हा एका संचाच्या आरंभी व्हूपी गोल्डबर्ग ही काळी अभिनेत्री पडद्यावर येऊन सांगते की ही चित्रे तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती काढून टाकणे म्हणजे असे काही घडलेच नाही असे म्हणण्यासारखे आहे. २०१० मध्ये त्या अकरांपैकी आठ लघुपट हॉलिवूडमधील एका महोत्सवात दाखवले गेले.

जुन्या लघुपटांत काळ्या मुलींच्या केसांची फार थट्टा आहे. डोक्यावर ताठ उभ्या शेंड्या, त्यांना बांधलेल्या चिंध्या, की झाले पोट धरून हसणे. २०२० मध्ये ऑस्कर मिळालेल्या ‘हेअर लव्ह’ या मॅथ्यू चेरी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या लघुपटाची लांबीही जवळजवळ तेवढीच, सात मिनिटे. त्यात एक काळा बाप आपल्या लहान मुलीचे केस विंचरायला बसतो. केस ऐकत नाहीत. तो मुष्टियुद्धासारखा त्यांच्याशी झुंजतो, हरतो, चिडतो, त्यावर टोपी घालून पाहतो. मग आईने पूर्वी करून ठेवलेल्या चित्रफितीवरून पाहत पाहत, एकेक बट धरून, तो ते बसवतो. मुलीला घेऊन तो दवाखान्यात जातो. तिथे आई चाकाच्या खुर्चीत बसली आहे, आणि उपचारांनी तिच्या डोक्यावरचे सगळे केस गेले आहेत. मुलीने तिच्यासाठी एक चित्र काढून आणले आहे.